शिवपुरीचं पाणी आणि माझी ऐपत

८ एप्रिल २०२५ला मी ऋषिकेशजवळच्या शिवपुरीहून कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची अरुंद होडी, घेऊन गंगेत उतरले. पाण्यात होते जेमतेम अडीच तास. पण उतरावं की नाही, हे ठरवायला पाच महिने गेले. हे लिहितेय ते त्या पाच महिन्यांबद्दल, कारण तेव्हा मला असं काही वाचायला मिळालं नव्हतं. मिळायचे ते उंच लाटांचे व्हिडिओ आणि खाली 'जय गंगा मैया'.

मी जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याची. पतसंस्थेत कर्ज विभागात आहे. आमच्याकडे पाणी म्हणजे केळीच्या ठिबकचं, आणि पावसाळ्यात पेपरात येणारं 'हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले'. कयाकिंगचा नाद लागला २०२२च्या हिवाळ्यात, कोलाडला कुंडलिकेवर. मुळशीचं पाणी सह्याद्रीतून खाली भिऱ्याच्या वीजघरात येतं, तिथून कुंडलिकेत सुटतं. सकाळी ते पाणी आलं की दोन-तीन तास नदी जिवंत, मग पुन्हा गोटे. मला तिथं जे काही येतं ते त्या दोन-तीन तासांच्या हप्त्यांनी शिकलेलं. दुसऱ्या वर्षी तिथूनच एक जुनी प्लॅस्टिकची कयाक विकत घेतली. ती घरी आली केळीच्या ट्रकमधून. वाशीला माल उतरवून रिकामा परतणारा ट्रक ओळखीचा निघाला, ड्रायव्हरदादांनी ८०० रुपये घेतले आणि दारात उतरवताना विचारलं, "ताई, ढोरांना पाणी पाजायला का?"

२०२४च्या दिवाळीनंतर ठरवलं की शिवपुरी ते ऋषिकेश करून पाहायचं. साधारण १६ किलोमीटर, राफ्टिंगचा गर्दीचा पट्टा. आणि पहिला प्रश्न हाच, की आपल्याला झेपेल का.

फोनवर तिघांना विचारलं. तिघंही म्हणाले, अहो मॅडम, शाळेतली पोरं जातात. खोटं नव्हतं ते, पण पोरं राफ्टमधून जातात. राफ्ट म्हणजे हवा भरलेली मोठी होडी, आठ जण, मागे बसलेला रोजचा गाईड. ती लाटेवरून लोळत जाते, उलटली तर आठ जण तिलाच धरून राहतात. कयाकमध्ये तुम्ही एकट्या, कंबरेपासून खाली होडीत अडकलेल्या, आणि उलटलात की डोकं पाण्याखाली. राफ्टवाल्याचं 'सोपं' आणि कयाकवाल्याचं 'सोपं' हे दोन वेगळे शब्द आहेत. विचारताना पहिल्याच वाक्यात सांगा की मी कयाकमधून विचारतेय. चौथ्या माणसाला मी तसं सांगितलं. तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "रोल कितना पक्का है?" पुढे गाईड म्हणून मी त्यालाच घेतलं.

रोल म्हणजे उलटी झालेली कयाक आत बसल्या बसल्या वल्ह्याच्या आधाराने आणि कंबरेच्या झटक्याने सरळ करणं. तो नाही जमला तर होडीच्या तोंडावर, आपल्या कंबरेभोवती ताणून बसवलेलं झाकण, ज्याला स्कर्ट म्हणतात, ते ओढून बाहेर पडायचं आणि पोहायचं.

नद्यांना जगभर एक ते सहा अशी श्रेणी देतात. एक म्हणजे हलतं पाणी, सहा म्हणजे जिवाशी खेळ. तीनमध्ये लाटा वेड्यावाकड्या असतात आणि होडी हवी तिथं वळवता यावी लागते. चारमध्ये पाणी जोरकस, आणि पडलात तर स्वतःहून बाहेर निघणं अवघड. तिथं भक्कम रोल हवाच असं सांगतात. शिवपुरीखालचे बरेचसे धबाबे, म्हणजे नदीतले उतरणीचे, लाटांचे तुकडे, दोन-तीनमधले. पण रोलर कोस्टर आणि गोल्फ कोर्स नावाच्या दोन धबाब्यांना कोणी तीन म्हणतं, कोणी चार. ज्या आकड्यावरून माणसं भांडतात तो आकडा ठाम नसतो, एवढं मी कर्ज विभागात शिकलेय. त्याच श्रेणीत एक बारीक अट आहे, ती सहसा कोणी सांगत नाही: पाण्याचं तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर नदी एक पायरी अवघड धरायची. गार पाण्यात हात आणि डोकं दोन्ही मंदावतात. खान्देशातल्या माणसाने हे अधोरेखित करून ठेवावं. आम्हाला ४५ अंशांचा सराव, गारठ्याचा नाही.

मग सरावाची जागा. अर्ध्या तासावर एका धरणाचा फुगवटा आहे. तिथं होडी घालायची तर परवानगी लागते. ११ नोव्हेंबरला अर्ज दिला. २० तारखेला विधानसभेचं मतदान, त्यामुळे सगळं कार्यालय निवडणुकीच्या कामात. आवक क्रमांक मात्र मी तेव्हाच टाकून घेतला. तुम्हीही घ्या, पुढचं सगळं त्या आकड्यावर चालतं. २३ला निकाल लागला, २५ला गेले तर सांगितलं की हमीपत्र जोडा. ऑक्टोबर २०२४पासून १०० रुपयांचा स्टॅम्प पेपर चालेनासा झाला होता, त्यामुळे ५००चा घेतला, नोटरीचे १५० वेगळे. डॉक्टरांच्या दाखल्याचे २००. डॉक्टर घरचेच. त्यांनी नाडी-रक्तदाबात फार वेळ घालवला नाही, दोन्ही खांदे मात्र फिरवून फिरवून पाहिले. कयाकवाल्यांचा खांदा निखळतो, हात डोक्यावर उंच गेला की. "वल्हं छातीच्या खालीच ठेवायचं," हे मला कोलाडच्या सरांनी शंभरदा सांगितलं होतं. डॉक्टरांनी एकदाच सांगितलं आणि ते लागू पडलं.

मासेमारीचा ठेका ज्या सोसायटीकडे आहे तिचं 'हरकत नाही' असं पत्रही हवं होतं. अध्यक्ष भेटायला दोन चकरा. पत्र फुकट दिलं, चहा पाजला आणि जाळी कुठं कुठं असतात ते वाळूत काडीने काढून दाखवलं. ९ डिसेंबरला परवानगी हातात पडली. सकाळी सात ते दहा, भिंतीपासून एक किलोमीटर लांब, लाइफ जॅकेटसह, स्वतःच्या जबाबदारीवर, ३१ मेपर्यंत. म्हणजे अर्जापासून परवानगीपर्यंत चार आठवडे. लग्नाच्या हॉलला याहून जास्त लागतात.

डिसेंबरची ती पहाट. घरून निघताना दोन स्वेटर, काठावर ते काढायचे आणि गार पाण्यात उलटं व्हायचं. नवरा शाळेत शिक्षक, सकाळी त्याला यायला जमायचं ते शनिवार-रविवारी. तो पायाशी शेकोटी करून बसायचा आणि मी वर येईपर्यंत मोठ्याने आकडे मोजायचा. पाचच्या वर गेला की त्याचा आवाज बदलायचा. मग सांगितलं, मनात मोज. लांब पाणथळीत हिवाळी पाहुणे बदक उतरलेले असत. त्या बाजूला आपणहूनच जायचं नाही असं ठरवलं.

एक म्हातारे मच्छीमार रोज बघायचे. मुळचे शिरपूरकडचे. महिनाभर काही बोलले नाहीत. मग एके दिवशी म्हणाले, "येक ईचारू? तू मुद्दाम पडस का पडी जास?" मी म्हटलं, मुद्दाम. त्यांनी मान हलवली. "मंग ते शिकनं नही. धक्का लागीसन पड." हसले मी, पण घरी येईपर्यंत हसू गेलं. माणूस बरोबर बोलला होता. स्थिर पाण्यात, ठरवून, श्वास भरून, आवडत्या उजव्या बाजूला उलटायचं आणि सरळ व्हायचं, असे वीसपैकी वीस रोल होत होते. खऱ्या लाटेत तुम्हाला कोणी विचारत नाही की तयार आहात का.

दुसऱ्या दिवसापासून ते त्यांच्या होडीतून येऊन बांबूने मला ढकलायचे. कधी मागून, कधी मी पाणी पीत असताना. वीसपैकी बारा. डाव्या बाजूला सात.

हे आकडे मी कामावरच्या जुन्या वहीत लिहीत होते. लिहिता लिहिता लक्षात आलं की हे तर आपलं रोजचंच काम. कोणी केळीवर कर्ज मागायला आलं की तो सांगतो मागच्या वर्षी भाव किती मिळाला. आम्ही विचारतो, वादळात बाग आडवी झाली त्या वर्षी हप्ता कसा भरलात? ऐपत चांगल्या वर्षावर धरत नाहीत. मी मात्र स्वतःचं प्रकरण चांगल्या वर्षावर मंजूर करायला निघाले होते. कोलाडच्या त्या एका छान सकाळचा व्हिडिओ जो भेटेल त्याला दाखवत होते. वहीचं पान उलटवलं आणि वर लिहिलं, 'वाईट दिवशी काय होतं'. खाली: दमल्यावर डावा रोल येत नाही. गार पाण्यात घाईने वर यायला बघते, डोकं आधी उचलते, म्हणून रोल फसतो. पोहता येतं, पण कयाक आणि वल्हं दोन्ही धरून पोहता येत नाही, एक सुटतं. खडकामागे पाणी उलटं वळून जिथं शांत होतं, त्या जागेला एडी म्हणतात. तिथं थांबता येतं, दहापैकी आठदा. पान भरलं.

१५ आणि १६ फेब्रुवारीला कोलाडला गेले, फक्त हे पान घेऊन. येणं-जाणं, राहणं, सर आणि भाड्याची कयाक मिळून ५,५०० रुपये. सरांना सांगितलं की मला नदी उतरायची नाही, पडायचं आहे. एकाच लाटेत पुन्हा पुन्हा. दोन दिवसांत वाहत्या पाण्यात अकरा वेळा उलटले, सात वेळा रोल लागला, चारदा पोहले. सर म्हणाले, "मध्यम म्हणजे रोल येतो असं नाही. मध्यम म्हणजे रोल नाही आला तरी पुढचं काय ते माहीत असतं." ते सहसा अशी वाक्यं बोलत नाहीत. लगेच वडापाव मागवला.

तिकिटांचं सांगते. नोव्हेंबर २०२४पासून रेल्वेचं आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. मार्चअखेर सरल्याशिवाय मला जाता येत नाही, पतसंस्थेत ३१ मार्चच्या आधी रजा मागणं म्हणजे राजीनामा मागणं. ३ एप्रिलचं तिकीट २ फेब्रुवारीला सकाळी आठच्या ठोक्याला काढलं. भुसावळ ते दिल्ली थ्री एसी, दोघांचं जाऊन-येऊन ६,२४०. एप्रिलचा पहिला आठवडा तसा बरा. पाणी जानेवारीइतकं बोचत नाही, आणि वर बर्फ वितळून नदी फुगायची असते. पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टला, तिथं सगळं बंदच असतं.

निघायच्या आदल्या दिवशी अमळनेरच्या मामांचा फोन. तापीचे पूर पाहिलेला माणूस. "पानी देखीसन उतरजो, बेटा," एवढंच म्हणाले आणि मामीकडे फोन दिला. मामींनी मात्र अर्धा तास घेतला.

४ एप्रिलच्या रात्री ऋषिकेशला पोचलो. दिल्लीहून बस, तिथली जीप वगैरे सगळं धरून या प्रवासात ३,४०० गेले. खोली १,२०० रोजची, पाच रात्री.

५ तारखेला पाण्याला हात लावला नाही. बद्रीनाथच्या रस्त्याने शिवपुरीपर्यंत जीपने गेलो आणि जिथून नदी दिसते तिथं थांबत थांबत परतलो. गोल्फ कोर्सपाशी काठावर उतरून पाऊण तास बसले. वरून पाहिलं तर लाटा किरकोळ वाटतात. काठावर बसलं की समजतं त्या पाण्याला वजन किती आहे. कुंडलिका खळखळते, ही नदी बोलत नाही, ढकलते. मधोमध एक जागा होती, तिथं पाणी खडकावरून पडून मागे वळत होतं, पांढरं, फेसाळ. एक राफ्ट तिच्या काठाला घासून गेली आणि मागचे दोन जण पाण्यात. ते कुठं वर येतात ते बघितलं. ते महत्त्वाचं असतं: लाट कशी आहे त्याइतकंच, लाटेच्या खाली काय आहे. खाली संथ डोह असेल तर पोहणाऱ्याला वेळ मिळतो. लगेच दुसरा धबाबा असेल तर नाही. गोल्फ कोर्सखाली थोडा संथ भाग होता, पण मला वाटलं होतं त्यापेक्षा लांब. ते दोघं बरंच अंतर वाहत गेले.

काठावरच्या एका दगडावर मी विटेच्या तुकड्याने खूण केली. परत निघायच्या वेळी खूण पाण्याखाली. गाईड म्हणाला, हे रोजचंच. देवप्रयागच्या वर भागीरथीवर टिहरी आणि कोटेश्वर, अलकनंदेवर गढवालचं श्रीनगर, तिन्ही धरणांवर वीज बनते. विजेची मागणी वाढली की पाणी सुटतं आणि काही तासांनी इथं पोचतं. म्हणजे पुन्हा आपलं कोलाडच. फक्त तिथं पाणी आलं की उतरायचं असतं आणि इथं माझ्यासारखीने ते वाढायच्या आत निघायचं. 'शिवपुरी झेपेल का' या प्रश्नाला तारीख आणि वेळ जोडल्याशिवाय अर्थ नाही, हे मी त्या दगडापाशी लिहून ठेवलं. हतनूरचे दरवाजे पेपरात वाचणाऱ्या बाईला हे पाच महिने आधी सुचायला हरकत नव्हती. पेपरात क्युसेक असतं आणि नदीवाले पुष्कळदा घनमीटर बोलतात. एक घनमीटर म्हणजे सुमारे ३५ क्युसेक. दोघांची गल्लत करू नका, माझी झाली होती.

६ तारखेला रविवार आणि रामनवमी एकत्र. नदीत राफ्टच राफ्ट, एकीमागे एक. राफ्टला ब्रेक नसतो आणि लाटेत अडकलेली कयाक तिला दिसत नाही. तो दिवस काठावरच्या एडीत रोल घोटण्यात घालवला. पाण्यात दोन मिनिटांत बोटं बधिर. दहापैकी सहा.

७ला ब्रह्मपुरी ते ऋषिकेश, नऊ किलोमीटर, सोपा पट्टा. उलटले एकदाच, डाव्या बाजूला, आणि रोल लागला. काठावर थ्रो बॅग, म्हणजे फेकायच्या दोरीची पिशवी, घेऊन उभ्या असलेल्या नवऱ्याने इतक्या जोरात ओरडून दाखवलं की शेजारचा मॅगीवाला दचकला.

८ला सकाळी साडेसहाला शिवपुरी. गाईड दुसऱ्या कयाकमध्ये, मागे एक रिकामी राफ्ट, तीत नवरा. दोन दिवसांचे गाईड आणि राफ्टचे ९,०००, माझ्या भाड्याच्या कयाकचे तीन दिवसांचे ३,६००. राफ्टवर पैसे घालवायचे का यावर आमची रात्री वादावादी झाली होती. माझं म्हणणं होतं कशाला. बरं झालं हरले.

रिटर्न टू सेंडर नावाचा धबाबा नीट गेला. तोंड कोरडं पडलं होतं, पण एडी पकडली, श्वास घेतला. रोलर कोस्टरमध्ये तिसऱ्या लाटेवर कयाक आडवी झाली आणि मी डाव्या बाजूला खाली. पहिला रोल: डोकं आधी उचललं. वहीत लिहिलेलं, तेच. दुसरा: अर्धवट वर आले, हिरवं उजेडी पाणी दिसलं, पुन्हा खाली. तिसऱ्याला मी प्रयत्नच केला नाही, स्कर्ट ओढला. वल्हं हातात राहिलं, कयाक गेली. पाय पुढे, पाठीवर, पायाची बोटं पाण्याच्या वर. दोरी पहिल्या फेकीत माझ्या छातीवरून गेली. ती माझ्या नवऱ्याने फेकली होती. हे त्याने आजपर्यंत सावद्यातल्या प्रत्येक माणसाला सांगितलंय.

काठावर बसून ओठ थरथरत होते. गाईडने चहा दिला, साखर जास्त घातलेला. विचारलं काहीच नाही. गोल्फ कोर्स खालीच होता. मी मनातल्या मनात ते पान उघडलं: दमलेली, गारठलेली, डावा रोल आत्ताच फसलेला. असं प्रकरण माझ्या टेबलावर आलं असतं तर मी सही केली नसती. म्हटलं, कयाक राफ्टवर टाका. गोल्फ कोर्स मी राफ्टमधून गेले, नवऱ्याच्या शेजारी, दोरीला गच्च धरून. राग आला होता, खोटं कशाला बोलू. शाळेतली पोरं जातात तसं गेले. पण पांढरी जागा जवळून पाहिली, ती मला काठावरून वाटली होती त्याच्या दुप्पट मोठी होती. क्लब हाउस धबाब्यापासून पुन्हा कयाकमध्ये बसले आणि खालपर्यंत आले.

तर माझ्यासारख्या मध्यम हाताच्या माणसाला शिवपुरी झेपते का? एप्रिलमधल्या कमी पाण्याच्या सकाळी, आठवड्याच्या मधल्या वारी, मागे राफ्ट असेल तर, गोल्फ कोर्स सोडून, झेपते. यातली एक अट काढली तर माझं उत्तर नाही असं आहे. दोन्ही बाजूंचा रोल वाहत्या पाण्यात दहापैकी आठदा येत असेल तर गोल्फ कोर्सचा विचार करा. मी मोजून सांगितलं तर आज पाचला आहे.

सगळा खर्च ३४,५९० रुपये, कागदपत्रं आणि कोलाड धरून, जेवण सोडून. मूळ कयाक आणि तिचं ट्रकभाडं यात नाही.

३१ मेला परवानगी संपली. जूनच्या पहिल्या आठवड्यात नूतनीकरणाचा अर्ज घेऊन गेले. टेबलावर तेच भाऊसाहेब. जुनी फाईल काढली, हमीपत्र उलटसुलट पाहिलं.

"मॅडम, अजून शिकणं झालं नाही का?"

"डावी बाजू राहिलीय."

त्यांनी आवक क्रमांक टाकला आणि म्हणाले, हमीपत्र नवीन लागेल.